राजाचें रान आणि काळा सुतार

मोठ्या राजधानीस गेलेला प्रवासी प्रथम राजवाडे पाहतो, मग बाजार पाहतो, आणि वेळ उरल्यास एखाद्या पदार्थसंग्रहालयांत डोकावून परततो. त्या राजधानीच्या वेशीबाहेर एखादें पुरातन रान असेल, आणि इतरत्र नाहींसा होत चाललेला एखादा जीव त्या रानांत तग धरून असेल, ही कल्पना सहसा त्याच्या मनास शिवत नाहीं. कोरियाची राजधानी सोल हें शहर मात्र बरींच वर्षें या नियमास अपवाद होतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें जाणारा पक्षिवेत्ता राजवाड्यांकडे पाठ फिरवी आणि शहराच्या ईशान्येस सुमारें ३० किलोमीटरांवर असलेल्या ग्वांगनुंगच्या रानाची वाट धरी. त्या रानांत एक मोठा काळा सुतार पक्षी राहत होता. लाखो माणसांच्या वस्तीपासून इतक्या जवळ त्याचें दर्शन घडावें हें जितकें आश्चर्याचें, तितकाच त्याचा पुढील इतिहास विचार करावयास लावणारा आहे.

हा पक्षी आपणां मराठी माणसांस अगदींच परका नाहीं. दक्षिण कोंकणांतील व गोव्यांतील दाट रानांत, सह्याद्रीच्या घाटांत, ज्यांनीं कधीं पहाटेच्या वेळीं पायपीट केली असेल, त्यांना डोंगरी कावळ्याहून किंचित् मोठा वाटणारा, अंगानें काळाभोर, पोटाशीं पांढराशुभ्र आणि डोक्यावर लाल भडक तुरा मिरविणारा सुतार एखादे वेळीं दिसला असेल. त्याची लांबी सुमारें दीड फूट भरते. नराच्या कपाळापासून मानेपर्यंत लाली पसरलेली असते व गालावरही लाल पट्टा असतो. मादीची लाली मस्तकाच्या मागील भागापुरतीच असते. तो वाळक्या खोडावर चोच मारूं लागला म्हणजे तो आवाज खोर्‍याच्या पलीकडच्या अंगास ऐकूं जातो. हाच पक्षी ब्रह्मदेश, मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ, फिलिपाइन्स अशा उष्ण प्रदेशांतून पसरलेला आहे. आणि मग मध्यें शेंकडो कोस त्याचा पत्ता नाहीं; एकदम उत्तरेस, जेथें हिंवाळ्यांत नद्या गोठतात अशा कोरियांत, त्याची एक एकाकी शाखा आढळते. पुरातन काळीं या दोन प्रदेशांच्या दरम्यान रानांची सांखळी अखंड असावी, आणि ती तुटल्यावर ही शाखा मागें राहिली असावी, असा तर्क करणें भाग पडतें.

शास्त्रीय जगांत या पक्ष्याची ओळख तुकड्यातुकड्यांनीं झाली. १८२१ सालीं टॉमस हॉर्सफील्ड यानें जावा बेटांतील नमुन्यावरून त्याचें वर्णन केलें, म्हणून त्याच्या शास्त्रीय नांवांत जावा कायमचा राहिला. १८४० सालीं मद्रासच्या फौजेंतील डॉक्टर जर्डन यानें मलबाराकडील पक्ष्याचें वर्णन करून नेपाळांतील इंग्रज रेसिडेंट हॉजसन याचें नांव त्यास दिलें. आपल्या सह्याद्रींतील सुतार तो हाच. १८७९ सालीं डरहॅम येथील धर्मोपदेशक हेन्री बेकर ट्रिस्ट्रॅम यानें जपान आणि कोरिया यांच्यामधील त्सुशिमा बेटावरून आलेला नमुना तपासला आणि तो पाठविणार्‍या रिचर्ड्स नांवाच्या आरमारी अधिकार्‍याच्या स्मरणार्थ त्याला नांव दिलें. त्यानंतर आठ वर्षांनीं वॉर्सा येथील पंडित तात्सानोव्स्की यानें, कालिनोव्स्की नांवाच्या संग्राहकानें कोरियांतून धाडलेल्या पक्ष्यांत हाच सुतार पाहिला, आणि तो नवा समजून त्याला संग्राहकाचें नांव दिलें. पुढें हे दोन्ही पक्षी एकच ठरले आणि ट्रिस्ट्रॅमचें नांव टिकलें. म्हणजे ज्या देशांतील लोक त्या पक्ष्याला 'क्नाक्से' म्हणून ओळखत होते, त्या देशाच्या बाहेर बसून डरहॅम व वॉर्सा येथील विद्वान् त्याचें बारसें करीत होते. त्या काळच्या विद्येची रीतच अशी होती.

त्सुशिमा हें नांव मराठी वाचकांच्या मागील पिढ्यांस चांगलेंच परिचित होतें. १९०५ सालीं याच बेटाजवळच्या समुद्रांत जपानी आरमारानें रशियाचें आरमार बुडविलें, आणि आशियाच्या एका राष्ट्रानें युरोपच्या एका बलाढ्य सत्तेस नमविल्याची वार्ता ऐकून हिंदुस्थानांत केवढी तरी उमेद उत्पन्न झाली. त्याच बेटावर मिताके नांवाच्या डोंगराच्या जुन्या रानांत हा सुतार राहत होता. तो दुर्मिळ म्हणून संग्राहकांस हवासा, आणि संग्राहकांनीं मारला म्हणून अधिक दुर्मिळ, असें दुष्टचक्र सुरू झालें. शिवाय रानतोड चालूच होती. १९२० नंतर तेथें त्याची खात्रीची नोंद नाहीं. जपान सरकारनें १९२३ सालीं या पक्ष्याच्या वसतिस्थानास राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा मान दिला. मान आला तेव्हां मानकरी उठून गेला होता. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण समुद्रापलीकडे तो पुन्हां घडावयाचा होता.

आतां ग्वांगनुंगच्या रानाकडे वळूं. 'नुंग' म्हणजे राजाची समाधि. ही समाधि सेजो राजाची व त्याच्या राणीची. सेजो हा कोरियाच्या लिपीचा निर्माता म्हणून विख्यात असलेल्या सेजोंग राजाचा धाकटा मुलगा. वडील भाऊ अकालीं वारल्यावर गादीवर त्याचा अल्पवयी मुलगा बसला. या चुलत्यानें १४५३ सालीं मुत्सद्यांची कत्तल करून सत्ता हातीं घेतली, १४५५ सालीं पुतण्यास पदच्युत करून स्वतः राज्य घेतलें, आणि १४५७ सालीं त्या दुर्दैवी मुलाचा अंत झाला. शनिवारवाड्यांतील १७७३ च्या भाद्रपदांतील ती हांक ज्यांच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या घुमत आहे, त्या मराठी माणसांस चुलत्या-पुतण्याच्या या कथेचा अर्थ फोडून सांगण्याचें कारण नाहीं. फरक इतकाच कीं, आपल्या राघोबादादांस गादी पचली नाहीं. सेजोनें मात्र तेरा वर्षें कर्तबगारीनें राज्य केलें. मरतांना त्यानें आज्ञा केली कीं, आपल्या समाधींत दगडी दालन बांधूं नये, म्हणजे रयतेवर वेठीचा भार पडणार नाहीं. १४६८ सालीं तो वारला; १४८३ सालीं राणी वारली, तेव्हां तिची समाधि शेजारच्या टेकडीवर बांधण्यांत आली. दोन टेकड्यांवर दोन उंचवटे आणि खालीं दोघांसाठीं मिळून एकच पूजेचा मंडप, अशी ती रचना आजही आहे.

या समाधीच्या भोंवतींचा डोंगराळ मुलूख राजाज्ञेनें राखीव झाला. तेथें लांकूड तोडणें, गुरें चारणें, प्रेतें पुरणें, सर्व निषिद्ध. राखणदार नेमले गेले आणि आज्ञा मोडणार्‍यास शिक्षा होऊं लागली. कोरियांत हिंवाळा कडक, आणि घरांची जमीन खालून विस्तव घालून तापविण्याची तेथील पद्धत. त्यामुळें सरपणाची गरज अपार. शहराभोंवतालचे डोंगर शतकागणिक बोडके होत गेले. परंतु मृत राजाच्या धाकानें ग्वांगनुंगचें रान उभें राहिलें. झाडें म्हातारीं होऊन उन्मळून पडत, जागच्याजागीं कुजत, आणि त्यांच्या जागीं नवीं वाढत. असे साडेचारशें वर्षांहून अधिक काळ चाललें. ज्यानें पुतण्याचें राज्य हरण केलें, त्याच्या समाधीनें सुतारांस आश्रय दिला. इतिहासांत पुण्य आणि पाप यांचे हिशेब असे निराळ्या वहींत मांडलेले आढळतात.

१९१० सालीं जपाननें कोरिया खालसा केला. राजा गेला, पण रान विकलें गेलें नाहीं. तें वनविद्येच्या प्रयोगांसाठीं राखण्यांत आलें. देशांतील इतर रानांवर मात्र कुर्‍हाड चालली, आणि दुसर्‍या महायुद्धाच्या अखेरीस तर तिला धरबंधच उरला नाहीं. १९४५ सालीं देश स्वतंत्र झाला तो दुभंगूनच. १९५० च्या जूनमध्यें युद्ध पेटलें, आणि एका वर्षाच्या आंत सोल शहर चार वेळां या हातांतून त्या हातांत गेलें. ग्वांगनुंग हें उत्तरेकडून राजधानीवर येणार्‍या वाटेच्या अगदीं जवळ. तरीही तें रान पुष्कळसें शाबूत राहिलें आणि सुतारही त्यांत राहिला. १९५३ सालीं तोफा थांबल्या तेव्हां द्वीपकल्पाच्या पोटावरून एक रेषा काढली गेली होती. तिच्या दक्षिणेस ग्वांगनुंगचे सुतार. उत्तरेस ह्वांगहे प्रांताच्या डोंगरांत त्यांचे भाऊबंद. पक्ष्याला रेषा ठाऊक नसते; परंतु ज्याला जुनें रान सोडून दूर जातां येत नाहीं, त्याला मधला उजाड मुलूख हीच रेषा होते.

या रेषेनें माणसांचें काय केलें याची एक हकीकत पक्षिविद्येच्या इतिहासांतच आहे, आणि ती येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. वोन होंग-गू हे कोरियाचे आद्य पक्षिवेत्ते. युद्धाच्या धामधुमींत ते उत्तरेस प्योंगयांग येथें राहिले आणि त्यांचे पुत्र वोन प्योंग-ओ दक्षिणेस आले. पुत्रानेंही पित्याचीच विद्या चालविली. पत्र नाहीं, निरोप नाहीं. एक दुसर्‍यास जिवंत आहे कीं नाहीं हेंही कळण्याचा मार्ग नाहीं. १९६३ सालीं पुत्रानें सोल येथें साळुंकीच्या जातीच्या एका लहान प्रवासी पक्ष्याच्या पायांत कडें घातलें. तें कडें जपानांतून आणलेलें, त्यावर अक्षरें जपानी. १९६५ सालीं तो पक्षी प्योंगयांग येथें सांपडला आणि वृद्ध पित्याच्या हातीं आला. ही जात जपानांत वीण करीत नाहीं, मग कडें जपानी कसें, अशी शंका त्या जाणत्या माणसास आली. त्यानें तोकियोस चौकशी केली, आणि उत्तर आलें कीं, हें कडें सोल येथें वोन प्योंग-ओ यांनीं घातलें आहे. बापलेकांस एकमेकांची खुशाली कळली ती अशी. १९७० सालीं पिता वारला. त्यांची भेट झाली नाहीं. १९९२ सालीं उत्तर कोरियानें त्या पित्याचें व त्या पक्ष्याचें टपालाचें तिकीट काढलें. पुत्रानें १९७१ सालीं गोर या इंग्रज पक्षिवेत्त्यासह कोरियाच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला. प्रवासी साळुंकीनें जी रेषा सहज ओलांडली, ती ओलांडणें काळ्या सुताराच्या स्वभावांत नव्हतें.

दक्षिण कोरियाच्या सरकारनें १९६२ सालीं ग्वांगनुंगमधील सुताराच्या वसतिस्थानास ११ व्या क्रमांकाचें नैसर्गिक स्मारक ठरविलें, आणि १९६८ सालीं हा पक्षी स्वतःच १९७ व्या क्रमांकाचें स्मारक झाला. त्यापुढें वीसएक वर्षें ग्वांगनुंगमध्यें तो पाहावयास मिळे. सोलला गेलेला परदेशी पक्षिप्रेमी एका दिवसांत जाऊन परत येई. कोणास दर्शन होई, कोणास केवळ ढोली दाखवून समाधान मानावें लागे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दर्शनें विरळ झालीं, आणि शतक संपण्यापूर्वींच खात्रीच्या नोंदी थांबल्या. २००९ सालीं कोरियाच्या राजसमाधि जागतिक वारशाच्या यादींत गेल्या. २०१० सालीं ग्वांगनुंगच्या रानास युनेस्कोनें जीवावरण क्षेत्र म्हणून मान्यता दिली. त्सुशिमा येथें जें घडलें तेंच अधिक सावकाश आणि अधिक समारंभानें येथें घडलें.

असें कां व्हावें? राजा होता तोंवर कायदा नव्हता, धाक होता, आणि पक्षी जगला. पुढें कायदा झाला, राखणदार झाले, विद्वान् झाले, आणि पक्षी गेला. यावरून राजसत्तेचें स्तोत्र गाण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरला पाहिजे. खरें कारण रानाच्या अंतरंगांत आहे. सुताराची सारी शरीररचना जुन्या लांकडासाठीं घडलेली आहे. पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें, म्हणून तो उभ्या खोडास घट्ट धरतो. शेपटीचीं पिसें ताठ, म्हणून ती टेंकूसारखी उपयोगी पडते. जिभेची मुळें कवटीस वळसा घालून गेलेलीं, म्हणून ती जीभ लांब काढून कुजक्या लांकडांतील मुंग्या व अळ्या ओढून घेतां येतात. एवढ्या मोठ्या पक्ष्याला ढोलीसाठीं खोडही तसेंच जाड लागतें. आणि झाड शेंदीडशें वर्षें वाढल्यावांचून तें मिळत नाहीं. शिवाय अशीं झाडें एका ठिकाणीं चारदोन असून भागत नाहीं. एका जोडप्याच्या निर्वाहास विस्तीर्ण रान लागतें, आणि पिलें मोठीं झालीं म्हणजे त्यांना दुसरें रान लागतें. ग्वांगनुंगचें रान दोन हजारांवर हेक्टरांचें. त्यांत थोडीं जोडपीं राहूं शकत. त्यांच्या पिलांनीं जावें कोठें? आसपासचे डोंगर उघडे. समुद्रांतील लहान बेटावर अडकलेल्या कुळासारखी त्यांची स्थिति झाली. बेटावरचें कूळ एखाद्या कठीण हिंवाळ्यांत, एखाद्या वांझ वर्षांत, गाजावाजा न होतां संपतें.

येथें कोणी म्हणेल, कोरियानें तर रानें पुन्हां उभीं केलीं. तें खरें आहे, आणि तो पराक्रम लहान नव्हे. १९७३ सालीं सुरू झालेली वृक्षारोपणाची दहा वर्षांची योजना तेथील लोकांनीं मुदतीच्या किती तरी आधीं, १९७८ सालींच, पुरी केली. आज त्या देशाचा सुमारें दोनतृतीयांश भाग वृक्षाच्छादित आहे. परंतु लावलेलें झाड आणि म्हातारें झाड यांच्यामध्यें काळ उभा असतो, आणि काळ कोणत्याही सरकारच्या अंदाजपत्रकांत बसत नाहीं. डोंगर हिरवे झाले तेव्हां त्यांवरील झाडें मनगटाएवढीं होतीं. सुतार उरला होता तो त्याच वर्षांत. ग्वांगनुंगमध्यें जुन्या लांकडांत वाढणारा एक प्रचंड भुंगेराही आहे. त्याला १९६८ सालीं २१८ व्या क्रमांकाचें स्मारक ठरविलें, आणि दक्षिण कोरियांत त्याचें हेंच एक ठाणें उरलेलें आहे. त्याच्या अळ्या जुनाट खोडांत वर्षानुवर्षें पोसतात. म्हणजे जुनें खोड म्हणजे निकामी लांकूड नव्हे. ती एक वसाहत आहे. सुतारानें सोडलेल्या ढोलींत घुबड राहतें, उडती खार राहते, रंगीबेरंगी मँडारिन बदकही झाडांच्या ढोलींतच अंडीं घालतें. सुतार गेला म्हणजे पुढच्या भाडेकर्‍यांचीं घरें बांधणारा गवंडीच गेला.

हा सारा इतिहास आपल्या अंगणाशीं येऊन भिडतो. राजाच्या समाधीनें जें कोरियांत केलें, तेंच आपल्याकडे देवराईनें केलें. गांवच्या देवाच्या नांवानें सोडलेलें रान. त्यांतील वाळकी काटकीही घरीं नेऊं नये असा दंडक. नेल्यास देव कोपतो अशी श्रद्धा. १९७० नंतरच्या दशकांत वर्तक व गाडगीळ या अभ्यासकांनीं महाराष्ट्रांतील देवराया हिंडून पाहिल्या, तेव्हां आसपास कोठें न उरलेलीं झाडें व वेली त्यांना तेथें आढळल्या. परंतु देवरायाही बेटेंच आहेत, आणि पुष्कळदां ग्वांगनुंगहून फारच लहान. श्रद्धा उरली आहे तेथेंही तिचें रूप पालटत आहे. कौलारू देऊळ पाडून सिमेंटचें बांधावयाचें, त्यासाठीं द्रव्य हवें, आणि द्रव्य कोठून आणावें तर देवाच्याच झाडांतून. असे प्रकार घडलेले आहेत. देवाचें घर मोठें होतें आणि देवाचें रान लहान होतें.

रान राखावयाचें म्हणजे मुख्यतः काय राखावयाचें, या प्रश्नाचें उत्तर या पक्ष्याच्या कथेंत आहे. हिरवा रंग राखणें सोपें आहे. दहापांच पावसाळ्यांत तो परत येतो. वय परत येत नाहीं. म्हणून जेथें जुनें रान शिल्लक आहे तेथें तें आहे तसें, पडक्या आणि वाळक्या झाडांसकट, ठेवणें हें पहिलें कर्तव्य. आणि एका जुन्या रानापासून दुसर्‍यापर्यंत झाडांची वाट मोकळी ठेवणें हें दुसरें. ग्वांगनुंग राखलें गेलें, पण त्याच्या वाटा तुटल्या. पांचशें वर्षांची राखण तेवढ्यानें अपुरी पडली.

सह्याद्रींत तो सुतार अजून आहे. सिंधुदुर्गाच्या व गोव्याच्या घाटांतून त्याची हांक अजून ऐकूं येते. त्याला स्मारकाचा क्रमांक देण्याची वेळ आपल्यावर आलेली नाहीं, हें आपलें भाग्य. ती येऊं न देणें हें त्या वाळक्या खोडांवर अवलंबून आहे. आणि तीं खोडें सरपणाच्या भावानें विकावयाचीं कीं उभीं ठेवावयाचीं, याचा निर्णय कोणा मृत राजाच्या हातीं नाहीं.